मोहोळ कोणाचे, आग कोणाची?

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या उत्तरेस, सौसर आणि पांढुर्णा ही दोन मराठी गावे आहेत. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रजी अमलाखाली आली, १८६१ मध्ये मध्यप्रांतात समाविष्ट झाली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला तेव्हा ही दोन्ही गावे मध्यप्रदेशातच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर तहसील त्यात आली. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. घरातली मराठी बदलली नाही. पोळा, संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार हीही बदलली नाहीत. आणि आणखी एक गोष्ट बदललेली नाही: पावसाळा ओसरला की रानातील आग्या माशी गावातील उंच जागा शोधीत येते आणि एखाद्या वाड्याच्या तुळईस, एखाद्या देवळाच्या कळसाखाली किंवा पाण्याच्या टाकीस आपले मोहोळ लावून बसते.

आमचे आजोळ याच मुलखातले. गेल्या फाल्गुनात तिकडून मामेभावाचा दूरध्वनी आला. “दादा, सज्ज्याखाली पुन्हा आग्या मोहोळ लागलं आहे. गल्लीतली मंडळी म्हणतात, रात्री पेटवून द्या आणि मोकळे व्हा. तुम्ही वकील आहात. काय करायचं ते सांगा.”

त्याच्या त्या ‘पुन्हा’ शब्दाने आम्हांस पस्तीसहून अधिक वर्षे मागे नेले.

आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलो होतो. त्याच सज्ज्याखाली, त्याच तुळईस, सुपापेक्षाही मोठे मोहोळ लागले होते. घरात लग्न ठरलेले. मांडव पडायचा होता. आजोबांनी दोन माणसे बोलाविली. रात्री जेवणे उरकल्यावर त्यांनी लांब बांबूस चिंध्या बांधल्या, रॉकेलात बुडविल्या आणि मशाल वर धरली. आम्ही मुले बंद खिडकीच्या फटीतून पाहत होतो. पेटलेले मेण ठिबकत होते. पंख जळालेल्या माश्या धान्य सांडावे तशा अंगणात पडत होत्या. सकाळी पाहिले तो फरशीवर पांढऱ्या अळ्यांचा खच पडलेला, आणि काळवंडलेल्या तुळईवर उरलेल्या माश्यांचा एक झुबका तसाच चिकटून बसलेला. वर ऊन आले आणि तो झुबका उठला.

वाड्यासमोरच्या निंबाखाली शेजारच्या एका गरीब शेतकऱ्याने आपली बैलजोडी नुकतीच बांधली होती. माणूस पळाला व वाचला. एका बैलाने दावे तोडले. दुसऱ्याचे दावे नवे होते. संध्याकाळी तो बैल गेला.

दुसऱ्या दिवशी शेतकरी ओसरीवर येऊन उभा राहिला. काही मागितले असे नाही. नुसता उभा राहिला. आजोबा सज्जन होते, नित्य पूजा करीत, कोणाचा पैसा त्यांनी कधी बुडविला नाही. ते एवढेच म्हणाले, “मोहोळ का आम्ही पाळलं होतं? रानची माशी ती. दैवाची गोष्ट.” शेतकरी निघून गेला. त्या वर्षीच्या पोळ्याला तो एकाच बैलाला झूल घालून तोरणाखाली उभा होता, असे पुढे आजीने आईला सांगितलेले आम्ही ऐकले.

मोहोळ आमचे नव्हते, हे आजोबांचे म्हणणे खरे होते काय? आणि खरे असले तरी तेवढ्याने प्रश्न मिटतो काय? या दोन प्रश्नांच्या पाठीमागे मनुष्य आणि मधमाशी यांच्या सहवासाचा फार जुना इतिहास उभा आहे. तो थोडा उलगडून पाहावा असे मनात आले.

हा इतिहास शोधण्यास दूर जावे लागत नाही. छिंदवाड्याच्या पलीकडे पचमढीच्या डोंगरांत जी चित्रित शैलगृहे आहेत, त्यांच्या भिंतींवर शिकार, नृत्य आणि युद्ध यांच्या जोडीने मध काढण्याचे प्रसंग रंगविलेले आढळतात. कड्यावरून सोडलेली शिडी, तिच्यावर चढलेला मनुष्य, भोवती ठिपक्यांनी दाखविलेल्या माश्या. ज्याने हे चित्र काढले त्याने मोहोळ जवळून पाहिले होते; ठिपके कोणत्या बाजूने धावून येतात हे त्यास ठाऊक होते. सातपुड्यातील वनवासी आजही दोर, शिडी आणि धूर यांच्याच बळावर मध काढतात. आग्या माशी चांदण्या रात्रीही उडू शकते, म्हणून हे लोक अंधारी रात्र निवडतात. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही; डंखांची किंमत देऊन ते मिळविलेले आहे.

ज्यांस हे ज्ञान नव्हते त्यांची काय गत झाली याचे एक उदाहरण याच मध्यप्रांतातले आहे. कॅप्टन फॉर्सिथ याने मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावर लिहिलेला ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते आणि त्या कड्यांवर आग्या मोहोळे लोंबत असतात. रेल्वेच्या कामावरील दोन इंग्रज अभियंते तेथे नावेतून फिरत असता माश्या चवताळल्या. दोघांनीही पाण्यात उड्या टाकल्या. एक कसाबसा वाचला. दुसरा, बॉडिंग्टन नावाचा, बुडाला. पाण्यात बुडी मारली म्हणजे माशी सोडून जाते ही समजूत आजही सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. माशी पाण्यावर घिरट्या घालीत राहते, आणि श्वासासाठी वर आलेल्या मस्तकावरच पुन्हा तुटून पडते.

याचे कारण आता शास्त्राने उलगडले आहे. मधमाशी डसते तेव्हा तिची नांगी शरीरात रुतून राहते आणि तेथून एक गंध सुटतो. पिकलेल्या केळ्यासारखा हा गंध इतर माश्यांस ‘येथे शत्रू आहे’ असे सांगतो, म्हणून एका डंखामागून शंभर डंख येतात. धुराने हा गंध झाकला जातो आणि माशी मध पिण्याकडे वळते. म्हणून धूर उपयोगी पडतो. धूर आणि आग यांत जे अंतर आहे ते येथेच आहे. धूर माशीस शांत करतो. आग थोड्यांस मारते आणि उरलेल्यांस वेडे करते.

आपल्या धर्मग्रंथांत मधमाशीस जे स्थान आहे ते वाचकांस निराळे सांगावयास नको. देवाच्या पंचामृतात मध आहे, अतिथीच्या मधुपर्कात मध आहे. बृहदारण्यक उपनिषदात मधुविद्या आहे. सप्तशतीचा पाठ करणाऱ्यांस हे ठाऊक असते की अकराव्या अध्यायात देवी भविष्य सांगते: अरुण नावाच्या असुराने त्रैलोक्य त्रस्त केले म्हणजे मी असंख्य भ्रमरांचे रूप घेऊन त्याचा वध करीन आणि लोक मला भ्रामरी म्हणतील. विद्यार्थी पाच घरी जाऊन शिजलेले अन्न मागत, त्या व्रताचे नावच मधुकरी. मधमाशी अनेक फुलांपासून थोडे थोडे घेते आणि कोणत्याही फुलास दुखवीत नाही. राजाने प्रजेकडून कर असाच घ्यावा, असे विदुराने धृतराष्ट्रास सांगितले आणि मनूनेही हाच दृष्टांत योजला.

परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळची गोष्ट भागवताच्या एकादश स्कंधात आहे. अवधूताने आपले चोवीस गुरू यदुराजास सांगितले. त्यांत मधुकृत्, म्हणजे मध करणारी माशी, हा एक गुरू. आणि मधुहा, म्हणजे मध हरण करणारा मनुष्य, हा दुसरा. पहिल्यापासून सार घ्यावे, थोडे घ्यावे, साठवू नये हे शिकावयाचे. दुसऱ्यापासून हे शिकावयाचे की कृपणाने साठविलेले दुसराच भोगतो. नाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत या गुरूंचे विवरण मराठीत आणले आणि ते घरोघर पोहोचले. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की चोविसांत करणारा गुरू आहे, हरण करणाराही गुरू आहे. मोहोळ जाळणारा मात्र कोठेच नाही. जाळण्यापासून शिकण्यासारखे अवधूतासही काही सापडले नसावे. आणि आम्ही? देवाच्या अभिषेकास मध हवा म्हणून बाटली विकत आणतो, आणि त्याच देवळाच्या शिखराखाली मोहोळ लागले की मशाल शोधू लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेने ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या विधिग्रंथात मधमाश्यांवर स्वतंत्र विवेचन आहे. मधमाशी स्वभावतः रानटी आहे. तुमच्या झाडावर थवा येऊन बसला म्हणून तो तुमचा होत नाही, जसे तुमच्या झाडावर घरटे करणारे पाखरू तुमचे होत नाही. तुम्ही त्यास पेटीत कोंडाल तेव्हाच तो तुमचा. पेटीतून थवा उडाला तर तो दृष्टीच्या टप्प्यात असेपर्यंत, आणि पाठलाग करणे शक्य असेपर्यंत, तुमचा. त्यापुढे जो धरील त्याचा. इंग्रजी न्यायशास्त्राने हेच तत्त्व पुढे चालविले. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातून आलेला मध आणि मेण यांची गणना वनोपजात केली. म्हणजे रानातल्या मोहोळावर सरकारची नजर पडली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात मध व मेण यांचा नावानिशी समावेश करून, परंपरेने ते गोळा करणाऱ्या वननिवासींचा त्यांवरील हक्क मान्य केला. पचमढीच्या भिंतीवरील शिडीवर चढलेल्या मनुष्यास त्याचा हक्क असा फार उशिरा कागदावर मिळाला.

तेव्हा घराच्या तुळईस लागलेले रानमोहोळ घरमालकाचे नव्हे, हे आजोबांचे म्हणणे रोमन काळापासून खरे आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेत, जी त्या वेळी लागू होती, कलम २८९ हे आपल्या ताब्यातील प्राण्याविषयी निष्काळजीपणा करणाऱ्यास शिक्षा सांगत असे. ‘ताब्यातील’ हा शब्द महत्त्वाचा. आग्या कोणाच्याच ताब्यात नसतो. येथपर्यंत आजोबा निर्दोष ठरतात.

परंतु त्याच संहितेत चार कलमे मागे गेले की कलम २८५ लागते. अग्नी किंवा ज्वालाग्राही पदार्थ यांविषयी असा निष्काळजीपणा करणे, की त्यामुळे दुसऱ्याच्या जिवास धोका किंवा इजा व्हावी, हा त्याचा विषय. आणि ‘इजा’ या शब्दाच्या व्याख्येत मालमत्तेची हानीही येते. २०२४ च्या जुलैपासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीतही अग्नीचे कलम २८७ आणि प्राण्यांचे कलम २९१ अशी ही दोन निराळीच आहेत. कायद्याने प्राणी आणि अग्नी यांची गल्लत केलेली नाही. ती आम्ही करतो. आयर्लंडमध्ये १९०३ साली ओ’गॉर्मन विरुद्ध ओ’गॉर्मन या नावाचा एक खटला निकालात निघाला. शेजाऱ्याच्या मधपेट्यांतील माश्या चवताळून घोड्यास डसल्या, घोडा उधळला, आणि त्याच्या मालकास त्यापायी अपाय झाला. न्यायालयाने पेट्या ठेवणाऱ्यास जबाबदार धरले. कायद्याच्या महाविद्यालयात हा खटला आमच्या वाचनात प्रथम आला तेव्हा घोड्याच्या जागी आम्हांस निंबाखालचा बैल दिसू लागला. पेट्या पाळलेल्या होत्या, आमचे मोहोळ रानचे होते, हा भेद आम्ही जाणतो. पण रानच्या माशीस डिवचण्याचे काम रानाने केले नव्हते. मोहोळ कोणाचेच नव्हते. मशाल मात्र आमच्या घरातून निघाली होती.

येथे कोणी विचारील: मग करावयाचे काय? सज्ज्याखाली आग्या, खाली लहान मुले, मग ती माशी नांदू द्यावयाची काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी माशी कोणती ते ओळखले पाहिजे. आपण मोहोळ हा एकच शब्द वापरतो आणि तेथेच अर्धी चूक होते.

आग्या सर्वांत मोठी. तिचे पोळे एकच, उघड्यावर लोंबणारे, पुष्कळदा हातभराहून रुंद. त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा. ती उजेडातच राहते आणि कोणत्याही पेटीत नांदत नाही. फुलोरी ही सर्वांत लहान. झुडपात तळहाताएवढे पोळे करते आणि सहसा कोणास त्रास देत नाही. या दोहोंच्या मधली ती सातेरी. ही अंधार शोधते: झाडाची ढोली, भिंतीतला कोनाडा, विहिरीची कपार, जुने वारूळ. एकाआड एक अशी समांतर पोळी बांधते. ती बहुधा सात असतात म्हणून तिला सातेरी किंवा सातपुडी म्हणतात. गोमंतकातील वाचक हे नाव ऐकून थबकतील, कारण त्यांची सातेरी ही वारुळाच्या रूपाने पूजिली जाणारी ग्रामदेवता आहे. देवीच्या नावाचा उगम हा पंडितांचा विषय. आम्ही दोन्ही नावांचे नाते सांगू धजत नाही. पण ज्या वारुळाला कोकणी माणूस नमस्कार करतो, त्याच वारुळात कधी कधी याच नावाची माशी म्होंव साठवीत असते, हे आम्हांस फार गोड वाटते.

घरातून मोहोळ न मारता हलविता येते हे ज्ञान या सातेरीच्या पायी आपल्याकडे आले. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ याने १८५१ मध्ये हे ओळखले की दोन पोळ्यांमध्ये माशी ठराविक अंतर मोकळे ठेवते. तेवढे अंतर राखून चौकटी केल्या तर त्या काढता-घालता येतात. मध काढण्यासाठी घर मोडण्याची गरज त्या दिवशी संपली. दक्षिणेत न्यूटन नावाच्या पाद्र्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या लहान माशीस बेताची अशी लहान पेटी तयार केली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हे काम लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय ग्रामोद्योगाच्या चळवळीस द्यावे लागेल. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे संघटक होते, मगनवाडी हे त्याचे ठाणे होते, आणि घाणी, हातकागद यांच्या पंक्तीस मधमाशीपालनही बसले. पुढे महाबळेश्वरच्या डोंगरांत सातेरीच्या पेट्यांचे मोठे काम उभे राहिले, तेथे प्रयोगशाळा झाली, आणि १ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते याच परंपरेचे फळ होय.

सातेरीचे मोहोळ हलविण्याची रीत थोडक्यात अशी. दिवस मावळतीकडे झुकल्यावर हलका धूर द्यावयाचा. पोळी एकेक करून धारदार सुरीने कापावयाची. मधाची बाजूस ठेवावयाची, अंडी-अळ्यांची पोळी मात्र वरची बाजू वरच ठेवून पेटीच्या चौकटीस केळीच्या सोपटाने किंवा दोऱ्याने बांधावयाची. हे सर्व करताना नजर एका माशीवर हवी, ती म्हणजे राणी. राणी पेटीत गेली की कामकरी माश्या आपण होऊन तिच्या मागे जातात. राणी राहिली तर सर्व श्रम वाया. अंधार पडून सर्व माश्या आत आल्या की दार बंद करून पेटी उचलावयाची आणि निदान तीन किलोमीटर दूर न्यावयाची. जवळ ठेवली तर सकाळी चरावयास गेलेली माशी जुन्या भिंतीकडेच परतते. नव्या जागी सावली हवी, पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या हव्यात, आणि पहिले काही दिवस साखरेचा पाक हवा. माशीने दोऱ्याच्या जागी स्वतःचे मेण लावून पोळे चौकटीस जोडले म्हणजे समजावे की तिने घर मान्य केले.

आग्याला मात्र यातले काही लागू पडत नाही. तिला पेटीत घालता येत नाही, म्हणून तिचे स्थलांतर आपण करू शकत नाही. ते ती स्वतः करते. फुलांचा हंगाम असेतो ती राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उठून जाते. फार निकड असेल, रुग्णालय किंवा शाळा असेल, तर जाणकार माणूस अंगभर पोशाख घालून, अंधारात, धूर देऊन तिला उठवू शकतो; ते हौशी मनुष्याचे काम नव्हे. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळातील फक्त मधाचा भाग कापून अळ्यांचे पोळे शाबूत ठेवण्याची रीत मध काढणाऱ्यांस शिकविली; तिच्यामुळे मोहोळ न मोडता मध मिळतो. पुण्यासारख्या शहरात जाळण्याऐवजी व विषारी फवाऱ्याऐवजी मोहोळ सोडवून नेणाऱ्या ‘बी बास्केट’सारख्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. आणि जाळून एक साधत नाही ते असे: आग्याचे थवे वर्षानुवर्षे त्याच त्या जागी परत येतात. ज्या तुळईवर माश्या जाळल्या त्याच तुळईवर पस्तीस वर्षांनी मोहोळ लागले, यात नवल नव्हते. ती जागाच चांगली होती.

हे सर्व मनाशी जुळवून आम्ही मामेभावास कळविले की मोहोळ आग्याचे आहे, हलविता येणार नाही, वाट पाहावी. गल्लीतील मंडळींची समजूत घालणे सोपे गेले नाही. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. भीती त्यांची होती, सज्जा आमचा होता. अखेर काही गोष्टी ठरल्या. सज्ज्याखालची वाट दोरी लावून बंद केली. रात्रीचा दिवा काढला, कारण उजेडाकडे आग्या झेपावते. ज्या गावाने गोटमार पाहिलेली आहे तेथील मुलांस दगड मारू नका असे सांगणे धाडसाचे होते; पण गुरुजींनी शाळेत सांगितले आणि ते मानले गेले. वैशाखात समोरच्या घरी लग्न होते. वरात मागच्या गल्लीने नेण्यास त्यांनी संमती दिली, त्याबद्दल आमच्या मामेभावाने मांडवाचा खर्च उचलला. डोंगराकडून आलेला एक म्हातारा गोंड गृहस्थ मोहोळ पाहून म्हणाला, “आग्याले हात नोका लावू. पाणी पडलं का आपोआपच जाईन.”

ज्येष्ठात पहिला पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळईस नुसते रिकामे, पिवळसर पोळे लोंबत होते. ते काढले, मेण खरवडून तुळई धुतली, आणि पुढच्या वर्षी माशीने दुसरी जागा पाहावी म्हणून तेथे बारीक जाळी बसविली. कोणासही डंख झाला नाही.

एक गोष्ट राहिली होती. पोळ्याच्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो आणि त्या शेतकऱ्याच्या नातवाचे घर शोधून काढले. तो आता भाड्याचा ट्रॅक्टर चालवितो. घरी बैल नाहीत. कायद्याने तो दावा केव्हाच मुदतबाह्य झालेला. पण ऋणाला मुदत नसते असे मानणाऱ्या घरात आम्ही वाढलो आहोत. एका बैलाची आजची किंमत विचारून आम्ही ती पाकिटात घालून नेली होती. त्याने पाकीट घेतले नाही, परतही केले नाही. देवापुढे ठेवले आणि चहा सांगितला. काय बोलावे हे आम्हांस सुचेना. म्हणून आम्ही म्हणालो की त्या वेळी माश्यांनी तुमचा बैल मारला, त्याचे आम्हांस वाईट वाटते.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आजा तसं नव्हता सांगत. तो म्हणे, बैल माश्यांनी नाही मारला, आगीनं मारला.”